नव्या गाडीचे पहिले इंजिन ऑइल: किलोमीटर मोजावेत, महिने मोजावेत की मिस्त्रींचे ऐकावे?

सिंहगडरोडकर

नमस्कार. गेल्या दसऱ्याला आम्ही नवी गाडी घेतली. १.२ लिटरचे, तीन सिलिंडरचे, टर्बो असलेले पेट्रोल इंजिन असून त्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. गाडीला आता सहा महिने होत आले आहेत आणि २,९२० किलोमीटर झाले आहेत. त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक कोल्हापूरच्या दोन फेऱ्यांत आणि गणपतीपुळ्याच्या एका सहलीत झाले. उरलेले सगळे घर ते कार्यालय आणि कार्यालय ते घर, एका वेळी साडेचार किलोमीटर याप्रमाणे. एवढे अंतर कापायला सकाळी वीस मिनिटे लागतात. संध्याकाळचे तर विचारूच नका. गाडीचा पडदा आजवरचा सरासरी वेग ताशी २२ किलोमीटर दाखवतो, पण नुसत्या शहरातल्या दिवसांपुरता पाहिला तर तो १३-१४ च्या पुढे जात नाही.

गाडीसोबतच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० ग्रेडचे (ग्रेड म्हणजे दाटपणा), एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपी दर्जाचे ऑइल वापरावे आणि ते १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावे, असा तक्ता आहे. मी तेवढ्यावर स्वस्थ बसलो असतो, परंतु आमच्याभोवती तीन मते आहेत आणि तिन्ही माणसे आपापल्या जागी अनुभवी आहेत. वडिलांकडे पूर्वी प्रीमियर पद्मिनी होती. त्यांच्या मते पहिले ऑइल हजार किलोमीटरला काढायलाच हवे होते, कारण नव्या इंजिनात लोखंडाचा चुरा पडतो. ज्यांच्या भरवशावर आमच्या आधीच्या दोन गाड्या पंधरा वर्षे बिनतक्रार चालल्या, त्या मिस्त्रींनी डिपस्टिकवरचे (पातळी मोजायच्या पट्टीवरचे) ऑइल दोन बोटांत चोळून पाहिले आणि हे पाणी आहे, आपल्या उन्हाळ्यात टिकणार नाही, पुढच्या वेळी १५डब्ल्यू-४० टाका, असे सांगितले. सर्व्हिस सेंटरमधल्या सल्लागाराचे म्हणणे असे की दहा हजारांच्या आत ऑइलला हात लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे. मात्र हे सांगत असतानाच त्याने इंजिनाच्या आतून ‘कोटिंग’ करणारी बाराशे रुपयांची बाटली माझ्यासमोर ठेवली.

माझे वर्षाचे किलोमीटर सहा हजारांच्या आसपासच होतील, म्हणजे मला महिन्यांचीच अट लागू होणार. तेव्हा पहिले ऑइल आताच काढण्यात काही अर्थ आहे का, ०डब्ल्यू-२० खरोखरच पातळ पडते का, आणि इतकी कमी चालणारी गाडी ऑइलच्या दृष्टीने सुखात असते की हालात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना फिटर

तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, परंतु मिस्त्रींच्या दोन बोटांपासून सुरुवात करतो, कारण इंजिनांच्या चाचणी विभागात मी बरीच वर्षे काढली आणि तिथेही नवीन आलेला प्रत्येक मुलगा ऑइलची परीक्षा बोटांनीच करत असे.

बोटांना कळतो तो तीस-पस्तीस अंशांवरचा दाटपणा. इंजिन पूर्ण तापल्यावर ऑइलचे तापमान साधारण ९० ते ११० अंशांच्या दरम्यान असते आणि बेअरिंगच्या फटीत, जिथे खरे काम चालते, तिथे ते त्याहून बरेच वर जाते. त्या तापमानांना बोटे घालून पाहणे शक्य नसल्यामुळे प्रमाण ठरवावे लागले. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेल्या ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसवरचा दाटपणा सांगतो. २० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा तिथे ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान असावा लागतो, तर ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. शिवाय १५० अंशांवर, जोरदार घासले जात असताना, २० ग्रेडचा दाटपणा २.६ मिलिपास्कल-सेकंदांच्या खाली जाता कामा नये, अशीही अट आहे. म्हणजे ४० हे २० पेक्षा खरोखरच दाट असते आणि मिस्त्रींच्या बोटांनी खोटे सांगितलेले नाही. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

तुमच्या इंजिनातल्या बेअरिंगच्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर हे सगळे २० ग्रेड गृहीत धरून आखलेले आहे. यांतली शेवटची दोन कामे ऑइलच्या दाबावरच चालतात आणि ऑइल बारीक छिद्रांतून किती चटकन पोहोचते यावर त्यांचे वागणे अवलंबून असते. टर्बोच्या दांड्याचेही तेच. तो मिनिटाला लाखभर किंवा त्याहून अधिक फेऱ्या घेतो आणि गाडी सुरू झाल्यापासून ऑइल येईपर्यंतची वेळ त्याच्या आयुष्यातून वजा होते. उन्हाळ्याबद्दल म्हणाल तर बाहेर ४२ अंश असले तरी थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून इंजिनाचे तापमान जवळपास तेच ठेवतात. पुण्यातला मे आणि पुण्यातला जानेवारी यांत तापलेल्या ऑइलला फारसा फरक जाणवत नाही. कंपन्यांनी पातळ ऑइल निवडण्यामागे इंधन वाचवण्याचा हेतू आहे हे खरे आहे आणि सरकारचे सरासरी इंधनखपतीचे नियम त्यामागे आहेत हेही खरे आहे. म्हणून काही उत्पादक पुस्तिकेत बाहेरच्या तापमानानुसार दोन-तीन ग्रेड चालतील असा तक्ता देतात. तुमच्या पुस्तिकेत तसा तक्ता असेल तर त्यातला ३० ग्रेड निवडायला माझी हरकत नाही. तक्ता नसेल तर नाही.

ग्रेडपेक्षाही मी एपीआय एसपी या अक्षरांना अधिक जपेन. तुमच्यासारख्या लहान, टर्बो असलेल्या आणि थेट फवारणीच्या पेट्रोल इंजिनांत एक विचित्र खोड असते. वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर पाय दाबला की सिलिंडरच्या भिंतीवरून उडालेले ऑइल आणि पेट्रोल यांच्या मिश्रणाचे थेंब ठिणगी पडण्याआधीच पेट घेतात. हा झटका इतका जबर असतो की पिस्टनचा काठ तुटल्याची उदाहरणे आहेत. ऑइलमध्ये मळ धुण्यासाठी घातलेल्या कॅल्शियमयुक्त द्रव्यांमुळे ही खोड वाढते आणि मॅग्नेशियमयुक्त द्रव्यांमुळे वाढत नाही, असे आढळल्यावर घटकांचे प्रमाण बदलण्यात आले. मे २०२० मध्ये आलेल्या एसपी दर्जात या धोक्याची आणि टायमिंग चेनच्या झिजेची चाचणी आहे. २०२५ पासून पुढचा एसक्यू दर्जा बाजारात येऊ लागला आहे. पुढचे अक्षर मागच्याच्या जागी चालते, मागचे पुढच्याच्या जागी नाही. दुकानदार १५डब्ल्यू-४० म्हणून जो डबा पुढे करील तो बहुधा जुन्या दर्जाचा किंवा मुळात डिझेल वाहनांसाठी केलेला असेल, आणि माझी खरी भीती ती आहे.

वडिलांच्या चुऱ्याविषयी. नव्या इंजिनात पहिल्या काही तासांत रिंगा आणि सिलिंडर एकमेकांशी जुळतात, त्यामुळे पहिल्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी केली तर लोह, तांबे आणि जोडणीच्या वेळी लावलेल्या सीलंटमधले सिलिकॉन नेहमीपेक्षा जास्त दिसतात. पद्मिनीच्या काळात यंत्रकामाची अचूकता आणि फिल्टरची जाळी आजच्यासारखी नव्हती, तेव्हा हजारला ऑइल काढणे शहाणपणाचे होते. आज मोठे कण फिल्टर धरतो आणि डोळ्यांना दिसणारा चुरा नव्या इंजिनात पडलाच, तर तो ऑइल बदलून सुटणारा प्रश्न नसतो. हजारला न काढल्यामुळे काहीही बिघडलेले नाही. तरीही आता, तीन हजारांच्या आसपास, पहिले ऑइल फिल्टरसह काढावे असे मला वाटते. मात्र त्याचे कारण चुरा नाही.

कारण तुमचे साडेचार किलोमीटर आहेत. प्रथम तास मोजा: २,९२० ला २२ ने भागले तर इंजिन सुमारे १३३ तास चालले आहे आणि वर्षाअखेरीस २६५ तास होतील. महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने जाणारा माणूस १०,००० किलोमीटरला फक्त १६७ तास इंजिन चालवतो. सगळेच १०,००० किलोमीटर तुमच्या शहरी वेगाने झाले असते तर ते ७४० तास झाले असते. म्हणून किलोमीटरचा आकडा शहरात फसवा असतो, पण तुमच्या बाबतीत बारा महिन्यांची अट तासांना तरी आवर घालते. तासांहून वाईट आहे ती सुरुवातींची संख्या. सहा महिन्यांत तुम्ही सुमारे ३०० वेळा गार इंजिन सुरू करून ते नीट तापण्याआधीच बंद केले आहे. पडद्यावरचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो. चेंबरमधल्या ऑइलला तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. गार असताना इंजिनाला जादा पेट्रोल दिले जाते, त्यातले काही रिंगांच्या बाजूने ऑइलमध्ये उतरते आणि ज्वलनातली पाण्याची वाफही आत थिजते. लांबच्या प्रवासात हे दोन्ही उडून जाते. वीस मिनिटांच्या सिग्नलच्या प्रवासात ते आतच राहते, ऑइल पातळ करते आणि त्यात आम्ल तयार होते. मिस्त्रींना जे पातळ लागले त्यात थोडे पेट्रोलही असू शकते, हे त्यांना सांगून पाहा.

एक विनंती आहे. पुस्तिकेत त्या तक्त्याच्या मागेपुढे ‘खडतर वापर’ किंवा तत्सम मथळ्याचे अर्धे पान असते. ते वाचून काय लिहिले आहे ते इथे कळवा.

वैनगंगा

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण ते वाचून इतर वाचक सरसकट लवकर ऑइल बदलू लागतील, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझा व्यवसाय वैद्यकीय उपकरणांच्या पुरवठ्याचा असून नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली असा महिन्याला साडेतीन हजार किलोमीटर प्रवास होतो. सकाळी गाडी सुरू केली की दीड-दोन तास ती थांबत नाही. उन्हाळ्यात पारा ४६ च्या पुढे जातो तेव्हाही पूर्ण दहा हजारांपर्यंत ऑइल चालते. पूर्वी मी पाच हजारांना बदलत होतो, म्हणजे साधारण दीड महिन्यातून एकदा. आता मागे वळून पाहता ते पैसे गटारात ओतल्यासारखे होते.

दाट ऑइलचा मोह मात्र मला महागात पडला आहे. माझी गाडी बीएस-६ डिझेल. वॉरंटी संपल्यावर गावातल्या एका गॅरेजमध्ये चार वेळा १५डब्ल्यू-४० भरून घेतले. ऑइल नामांकित कंपनीचे होते, ट्रकमध्ये ते उत्तम चालत असेल. पण पुस्तिकेत एसीईए सी३ (युरोपातल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेचा दर्जा) लिहिले होते आणि ती दोन अक्षरे ना मी वाचली ना मेकॅनिकने. एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी जाळून टाकता येते, परंतु ऑइलमधल्या धातुयुक्त द्रव्यांची राख जळत नाही, ती कायमची साठत जाते. सी३ ऑइलमध्ये अशी राख मुद्दाम कमी ठेवलेली असते. माझा डीपीएफ काढून साफ करावा लागला आणि त्या बिलात तीन वर्षांचे योग्य ऑइल आले असते.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. डिपस्टिक पाहताना पातळी कमी झाली का, एवढेच आपण पाहतो. काजळी जाळताना इंजिन उशिरा जादा डिझेल फवारते आणि तुम्ही मधेच गाडी बंद करत राहिलात तर ते डिझेल ऑइलमध्ये उतरून पातळी वर चढते. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल गेलेले दिसले तर आनंद मानू नये, ते तातडीने बदलावे.

कॅलगरीकर

डब्ल्यूच्या आधीच्या आकड्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालतो, कारण तो आकडा काय असतो हे मी या थंडीतच शिकलो. गार हवेत इंजिन फिरवता येते का आणि ऑइल पंपाकडे वाहते का, यांच्या चाचण्यांवरून तो ठरतो. ०डब्ल्यूसाठी या चाचण्या उणे ३५ आणि उणे ४० अंशांवर होतात, १५डब्ल्यूसाठी उणे २० आणि उणे २५ वर. आमच्याकडे उणे ३० च्या सकाळी १५डब्ल्यू म्हणजे फ्रीजमधला मध असतो आणि रात्री गाडीच्या इंजिनाला विजेची तार जोडून ते कोमट ठेवावे लागते.

पुण्याला याचा काय उपयोग, असे वाटेल. परंतु पुण्यातली १० अंशांची डिसेंबरातली सकाळ ऑइलच्या दृष्टीने थंडच असते. कुठलेही ऑइल तेव्हा तापलेल्या अवस्थेपेक्षा कित्येक पट दाट असते आणि ०डब्ल्यू व १५डब्ल्यू यांच्यातले अंतर तिथेही उरते. ज्याचे इंजिन वर्षातून सहाशे वेळा गार स्थितीत सुरू होते त्याने १५डब्ल्यूकडे वळणे म्हणजे आपल्याच अडचणीत भर घालणे आहे. ऑइल भरायचे झाकण काढून आतून पाहावे. तिथे सायीसारखा पांढरट थर दिसला तर ते न उडालेले पाणी असते. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास न थांबता गाडी चालवली की माझ्याकडे तो थर नाहीसा होतो.

सिंहगडरोडकर

सर्वांचे मनापासून आभार. जुना फिटर यांनी सांगितलेले अर्धे पान सापडले, आणि ते आधी वाचले असते तर हा प्रश्न विचारण्याची वेळच आली नसती, हे कबूल करतो. तक्त्याच्या पुढच्या पानावर, बारीक अक्षरांत, असे दिले आहे: एका वेळी ८ किलोमीटरपेक्षा कमी अंतराचा वारंवार प्रवास, दीर्घकाळ इंजिन सुरू ठेवून उभे राहणे किंवा सतत थांबत-चालत जाणे, धुळीचे रस्ते, डोंगराळ भागातला नित्य प्रवास यांपैकी काहीही लागू असल्यास ऑइल व फिल्टर ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावेत. पहिल्या दोन अटी मला तंतोतंत लागू आहेत. म्हणजे मी ज्याला लवकर समजत होतो तीच उत्पादकाने दिलेली वेळ आहे आणि ती याच महिन्यात येते. तापमानानुसार वेगळ्या ग्रेडचा तक्ता पुस्तिकेत नाही. ०डब्ल्यू-२० एवढेच आहे.

झाकण उघडून पाहिले. साय नाही, पण डिपस्टिकला पेट्रोलचा वास स्पष्ट येतो. पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली आहे.

सल्लागाराला त्या पानाचे छायाचित्र पाठवले. सहा महिन्यांची सर्व्हिस मोफत असली तरी तीत फक्त तपासणी येते, ऑइल व फिल्टरचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील, असे उत्तर आले. ते देण्यास मी तयार आहे. आता एवढेच विचारायचे आहे की हे काम तिथेच करावे, की ऑइल स्वतः विकत आणून मिस्त्रींकडे करावे. मिस्त्रींकडे केल्यास वॉरंटीला बाधा येते का? आणि त्या बाटलीचे काय करावे?

पूर्वाश्रमीचा सल्लागार

मी काही वर्षे त्याच खुर्चीत बसलेलो आहे, त्यामुळे बाटलीपासून सुरुवात करतो. ती घेऊ नका. सल्लागारावर दरमहा अशा किती वस्तू विकल्या याचा हिशेब लादलेला असतो. तो माणूस वाईट नसतो, त्याचा तक्ता वाईट असतो. एपीआय एसपी ऑइलमध्ये झीज रोखणारी, मळ धुणारी, फेस न होऊ देणारी द्रव्ये मोजून घातलेली असतात आणि त्यात बाहेरचे काही ओतले की ते मोजमाप बिघडते. ‘इंजिन फ्लश’ नावाचा प्रकारही सहा महिन्यांच्या इंजिनाला अनावश्यक आहे. जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी त्या ओळी खोडून घ्याव्यात, कारण त्या बहुतेकदा आधीच छापलेल्या असतात आणि नंतर बिल पाहून वाद घालण्यात सकाळ जाते.

वॉरंटीबद्दल भीतीही अवाजवी आहे आणि बेफिकिरीही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. त्या आदेशात सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना उपलब्ध करून देण्याबरोबरच, ग्राहकाने बाहेर काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही म्हटले होते. प्रकरण पुढे अपिलांत गेले. प्रत्यक्षात इंजिनाचा दावा आला की पहिला प्रश्न ऑइल कधी व कोणते बदलले हाच असतो, आणि त्या क्षणी आयोगाचा आदेश हातात असण्यापेक्षा तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि दर्जा लिहिलेले बिल हातात असणे अधिक उपयोगी पडते. वॉरंटी आहे तोवर ऑइलचे काम अधिकृत केंद्रात करावे, हे माझे मत आहे. मिस्त्रींचे हात त्यापुढच्या दहा वर्षांसाठी राखून ठेवावेत.

तिथे गेल्यावर ऑइल पिंपातून भरणार की सीलबंद डब्यातून, हे विचारा. पिंप वाईट असतेच असे नाही, परंतु त्यात कोणता ग्रेड आहे हे आपल्याला दिसत नाही, आणि मोठ्या केंद्रात दोन पिंपे शेजारी उभी असतात. डबा असेल तर मागच्या बाजूला एपीआयचे गोल चिन्ह पाहावे. त्याच्या वरच्या अर्धवर्तुळात दर्जा आणि मधोमध ग्रेड छापलेला असतो. फिल्टर बदलला का ते पाहावे आणि खालच्या ड्रेन नटाचे वॉशर नवे घालायला सांगावे. दहा-वीस रुपयांचे वॉशर वाचवल्यामुळे घराच्या फरशीवर डाग पडलेले मी अनेक पाहिले आहेत. पुस्तिकेत फिल्टरसह किती लिटर लागते ते दिलेले असते. समजा ३.५ लिटर लिहिले असेल आणि बिलावर ४ लिटर असतील, तर उरलेले अर्धा लिटर डब्यासह मागून घ्यावे, नाहीतर ते इंजिनात तरी जाते किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बिलावर तरी. जादा भरलेले ऑइल फिरत्या क्रँकला लागून फेसाळते, त्यामुळे तेही टाळायला हवे. मात्र उरलेले ऑइल मोटारसायकलमध्ये ओतू नका. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि मोटारींच्या पातळ ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरू लागतो. त्यांच्यासाठी जासो या जपानी मानकाचे एमए किंवा एमए२ असे वेगळे चिन्ह असते.

पुढे कधी मिस्त्रींकडे काम कराल तेव्हा काळे ऑइल कुठे जाते, तेही विचारा. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते आणि एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आलेली आहे. तरीही कित्येक गॅरेजांच्या मागच्या नाल्याचा रंग सगळे सांगतो.

जुना फिटर

पूर्वाश्रमीचा सल्लागार यांच्याशी एका बाबतीत थोडा मतभेद नोंदवतो. बाहेर काम करताना मेकॅनिकपेक्षा ऑइलची खरेदी अधिक धोक्याची आहे. नामांकित डब्यांत भलतेच ऑइल भरून विकण्याचा धंदा जुना आहे, तेव्हा फार मोठ्या सवलतीत मिळणारा डबा घेऊ नये आणि रिकामा डबा टाकताना त्याला मोठे भोक पाडावे.

सिंहगडरोडकर, तुमच्या वाहनात किती टक्के इथेनॉलचे पेट्रोल पडते यावर तुमचा ताबा नाही. आता बहुतेक पंपांवर २० टक्क्यांचेच मिळते. गार इंजिनात इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते आणि ते पाण्याशी सहज मिसळते, म्हणून लहान फेऱ्यांच्या बाबतीत पूर्वीपेक्षा थोडी अधिक काळजी घ्यावी असे मी सांगेन. सहा महिन्यांचा नियम पाळलात तर ती घेतल्यासारखीच आहे. कोल्हापूरची तिसरी फेरी ऑइल बदलण्याच्या आधी करू नका, नंतर करा. आधी केलीत तर पेट्रोल उडून जाईल, वास जाईल आणि तुम्हाला वाटेल की ऑइल सुधारले. पेट्रोल आणि पाणी उडते, आम्ल मात्र आतच राहते.

सिंहगडरोडकर

काल काम झाले. २,९८४ किलोमीटर. ऑइल सीलबंद डब्यातले, ०डब्ल्यू-२०, एसपी, ३.५ लिटर भरले आणि अर्धा लिटर घरी आणला. वॉशर नवे घातले. बाटलीची ओळ जॉब कार्डवर खरोखरच आधीपासून छापलेली होती, ती खोडून घेतली. बिलाची एक प्रत पुस्तिकेतल्या त्या अर्ध्या पानाला टाचून ठेवली आहे. समतल जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहिली. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेला जवळ आहे.

वडील सोबत आले होते. त्यांनी काढलेल्या ऑइलचे थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन बराच वेळ उन्हात धरून पाहिले. चुरा दिसला नाही. मग कागद नाकाजवळ नेला आणि म्हणाले, यात पेट्रोल आहे. मिस्त्रींना हे कसे सांगायचे, ते अजून ठरवलेले नाही.